ओळख देणारा

(मंडळाच्या तिरोडी येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर मी आजवर उभा राहिलो तो वार्षिक सभेत जमाखर्च वाचण्यापुरता. बँकेतला कारकून, त्यात बी.कॉम., त्यामुळे हिशेब माझ्याकडे येतो आणि भाषण दुसऱ्याकडे जातं. या वेळी अध्यक्षांनी वेगळंच काम सांगितलं. म्हणाले, "आपल्या मंडळात चार-सहा ख्रिस्ती घरं आहेत. तुम्ही दिवाळीच्या फराळाला येता, आम्ही नाताळच्या केकला येतो. पण चर्चच्या आत गरिबाला, दलिताला, बाईमाणसाला कितपत जागा आहे आणि ती वाढायची तर काय करावं लागेल, हे आम्हांला कोणी कधी सांगितलं नाही. तुम्ही सांगा." घरी बोललो तर सौ. म्हणाली, "घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला न्यायची?" तिचं म्हणणं चूक नाही. पण गोष्ट फक्त घरातली राहिलेली नाही, म्हणून उभा राहिलो.

आधी एक खुलासा. हा विषय निघाला की धर्मांतराची शंका येते. आपल्या राज्यात ती जुनी आहे. नागपूर राजधानी असताना, १९५४ साली, सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती नियोगी यांची समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. पुढे १९६८ चा कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याहून कडक कायदा आला. मी आज कोणाला बोलवायला उभा नाही. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात ख्रिस्ती माणूस शेकडा अर्धासुद्धा नव्हता, ०.२९ टक्के होता. मी बोलणार आहे ते या मूठभरांबद्दल, जे आधीच आत येऊन बसले आहेत त्यांच्याबद्दल.

आणि हे तुम्हांला लवकर समजेल असं मला वाटतं. आपल्यापैकी बरीच घरं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा झाला. पुढे मँगनीजच्या खदानी निघाल्या, माणसं आली. १९५६ मध्ये राज्यांच्या रेषा ओढल्या गेल्या आणि बावनथडीपलीकडचे आपले सोयरे दुसऱ्या राज्यात गेले. आपलं नाव मतदारयादीत आहे, सातबाऱ्यावर, म्हणजे इथल्या खसऱ्यावर आहे, तरी बाजारात कोणी ना कोणी म्हणतंच, "आप लोग तो महाराष्ट्र के हो." यादीत असणं वेगळं आणि आपलं मानलं जाणं वेगळं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आमच्याकडे चर्चच्या सभासदांना 'मंडळी' म्हणतात. तुमचं मंडळ, आमची मंडळी. या मंडळीत मी जन्मलो, पण माझ्या घराण्याची जात मला माहीत नाही. लपवतो आहे असं समजू नका. माझी पणजी छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, मिशनच्या अनाथाश्रमात आली. वय अंदाजे पाच वर्षे. तिला स्वतःचं नाव तेवढं सांगता आलं. आता तुम्ही म्हणाल, बरं झालं, सुटलात! पण माझ्या बहिणीचं लग्न जुळवताना पाहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "तसे मूळचे कोण?" ख्रिस्ती घर, भिंतीवर येशूची तसबीर, आणि प्रश्न हा. वडील म्हणाले, "मूळचे दुष्काळातले." ते स्थळ परत आलं नाही.

अशा दुष्काळी मुलींवरून पंडिता रमाबाईंची आठवण येते. त्यांचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. ते प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. तिथे ब्राह्मण मुलींचा सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा होत असे. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई आपल्या मध्य प्रांतात आल्या, उपाशी मुली गोळा केल्या आणि घेऊन गेल्या. त्या मुली काही एका जातीच्या नव्हत्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यांच्यावर उभं राहिलं. तिथे आंधळ्या मुलींची शाळा झाली, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन झालं. छापखान्यात बायकाच काम करत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तेही कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की दार रुंद झालं ते आधी धोरण ठरवून नव्हे. दारात उपाशी पोर उभी होती, तिला आधी जेवायला घातलं. नियम मागाहून बदलले.

आता मला ज्यामुळे इथे उभं राहावंसं वाटलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी बदली दुसऱ्या गावी होती. गावाचं आणि मंडळीचं नाव घेत नाही. हिशेब येतो म्हणून तिथेही मी खजिनदार झालो. त्या मंडळीत एक काका येत. खदानीत ठेकेदाराकडे मजुरी केलेले, गुडघे गेलेले. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसत, कारण पुढे जायला दोन पायऱ्या होत्या. वीसेक वर्षं तरी येत असावेत. 'उपासना संगीत' पुस्तकातली मराठी गाणी लागली की त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असे. उपासना हिंदीत असे, कारण पाळक जबलपूरकडचे. त्या रविवारी काका गप्प असत.

काका डिसेंबरात संध्याकाळी वारले. मुलगा रात्री निरोप घेऊन आला. कमिटी बसली. रजिस्टर माझ्याच हातात होतं. त्यात काकांचं नाव नव्हतं. बाप्तिस्मा झाला होता की नाही, कागद नव्हता. वर्गणीच्या पावत्या नव्हत्या, कारण ते पेटीत सुटे पैसे टाकत. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "नियमाप्रमाणे कब्रस्तानात जागा फक्त सभासदाला. एकाला दिली की रांग लागेल." मुलगा गावच्या स्मशानाकडे गेला, तिथे लोक म्हणाले, "तुम्ही तर चर्चवाले." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रेत घरात होतं. शेवटी नाल्याच्या काठाला, एका शेतकऱ्याच्या बांधावर त्यांना पुरलं. पाळक आले, प्रार्थना केली. मीही गेलो. पण रात्रीच्या बैठकीत मी एक शब्द बोललो नव्हतो. रजिस्टर उघडून दाखवलं आणि मिटलं.

तीन महिन्यांनी तो मुलगा बँकेत माझ्याच काउंटरला आला. काकांच्या खात्यात चार हजार आणि काही रुपये होते. मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र, एक फॉर्म. पाऊण तासात काम झालं. जाताना तो म्हणाला, "साहेब, तुमच्या बँकेत बाबांचं नाव होतं." दुसरं काही बोलला नाही.

काकांचं नाव रजिस्टरात का नव्हतं? आळस म्हणून नव्हे. मुलाचा जातीचा दाखला होता, अनुसूचित जातीचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो की ठरावीक धर्मांखेरीज दुसरा धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. आधी फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. आदिवासींना ही अट नाही, म्हणून बैहरकडचा गोंड ख्रिस्ती झाला तरी कागदावर गोंडच राहतो. पण चर्चच्या रजिस्टरात काकांची सही झाली असती तर मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरीतली राखीव जागा, दोन्ही अडचणीत आली असती. तेव्हा माणसाने काय करावं? सोमवार ते शनिवार एक आणि रविवारी दुसरा. सरकार म्हणतं, तू ख्रिस्ती. चर्च म्हणतं, तू नाहीस. बँकेच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही शाखांनी एकच चेक परत केला.

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मद्रासच्या एका ख्रिस्ती चांभाराचा खटला गेला. रस्त्याकडेला बसणाऱ्या हिंदू चांभारांना सरकारी टपऱ्या मिळाल्या, याला धर्मामुळे नाकारली. सूसाई विरुद्ध भारत सरकार या नावाने तो ओळखला जातो. न्यायालयाने विचारलं ते असं: धर्म बदलल्यावरही जातीमुळे होणारी अडवणूक तितकीच तीव्रपणे चालू राहते, याचा पुरावा दाखवा. तो पुरेसा नाही म्हणून तो हरला. पुढे रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये शिफारस केली की जातीची धर्माशी घातलेली सांगड सोडावी. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला गेला.

या बाबतीत मंडळाने आज ठराव करावा असं मी म्हणत नाही. समोर आपले बौद्ध बंधू बसले आहेत. वाटा वाढला की हिस्सा कमी होईल ही त्यांची काळजी खोटी नाही, त्यावर बसून बोललं पाहिजे. माझं स्वतःचं मत विचाराल तर तिसरा परिच्छेद जावा. विहिरीवर अडवणाराने कधी धर्म विचारून अडवलेलं नाही. पण आमच्या पुढाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. दिल्लीत अर्ज करायचा की आमच्यात जात आहे, आम्हांला हक्क द्या, आणि रविवारी व्यासपीठावरून सांगायचं की आमच्यात जात नाही. दोन्ही वह्यांतली शिल्लक जुळत नाही. न्यायालयाने मागितलेला पुरावा आमच्याच बाकांवर बसलेला आहे, आणि तो आम्हीच झाकून ठेवतो.

हे डॉ. बाबासाहेबांनी कधीच ओळखलं होतं. १९३८ च्या सुरुवातीला सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातिभेदावर बोट ठेवलं होतं. दक्षिणेत तो उघड दिसतो. तिरुचिरापल्लीच्या एका कब्रस्तानात दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत आहे. मेल्यावरही भिंत! तमिळनाडूतच एरैयूरला दलित ख्रिस्ती लोकांनी स्वतंत्र धर्मग्राम मागितलं. २००८ च्या मार्चमध्ये त्यावरून दंगल होऊन पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. आमच्याकडे भिंत बांधत नाहीत. आमच्याकडे रजिस्टर असतं.

थोडी बरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर घरी गेल्यावर ऐकावं लागेल. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं. त्यात चर्चमध्ये भेदभाव होतो हे कबूल केलं आणि सांगितलं की सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत. म्हणजे ज्यांना जागा द्यायची म्हणतो, ते पाहुणे नाहीत, घरात जास्त तेच आहेत. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. बायकांच्या बाबतीत, १९७० मध्ये आपल्या नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात पहिली स्त्री बिशप व्हायला २०२४ साल उजाडलं. चोपन्न वर्षं. पंथ कागदावर एक होतात, बाकावरची माणसं तेवढ्याने सरकत नाहीत.

आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी आपल्या मराठीत एक माणूस वेगळंच करून बसला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्या भागाशी त्यांचा संबंध आहे. ते नागपूरला राहिले, नंतर राजनांदगावला गेले, आणि त्या प्रवासात आगगाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडून त्यांच्या हाती बायबल आलं. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटायला पुढे वर्षं लागली. ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त काही न लपवता लिहिलं आहे, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. टिळकांनी कीर्तन आणि भजन उपासनेत आणलं, हे पुष्कळांना माहीत असतं. कमी माहीत असतं ते १९१७ चं. त्या वर्षी त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्यांनाही होती. रजिस्टर हा त्या घराचा उंबरठा नव्हता. १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. पण शंभरावर वर्षांपूर्वी मराठी ख्रिस्ती माणसाने हे करून पाहिलं होतं. आमचे काका त्या दरबारात पुढच्या बाकावर बसले असते.

तेव्हा आता काय करायचं? मी सध्या ज्या मंडळीत आहे तिथे गेल्या वर्षी एक ठराव मांडला. पहिल्यांदा मी लिहिलं होतं की जे येतात पण सभासद नाहीत, त्यांचं दुसरं रजिस्टर ठेवावं. कारकुनाला दुसरं काय सुचणार? एका तरुण शिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, ही यादी उद्या कोणाच्या हाती पडली तर? दाखला जाईल, वर पोलीस चौकशी होईल. ज्यांना वाचवायचं त्यांनाच तुम्ही अडकवाल." खरं होतं. मी कागद फाडला.

मग मला जुनी बँक आठवली. आता आधार आणि पॅन लागतं. पण आधी खातं उघडायला एक 'ओळख देणारा' लागायचा. शाखेतला कोणीही जुना खातेदार फॉर्मवर सही करी की मी या माणसाला ओळखतो. बस्स. हमाल, भाजीवाली, खदानीतला मजूर, अशा कितीतरी लोकांची खाती त्या एका सहीवर उघडली. नवा ठराव तसाच आहे. कोणी वारलं आणि मंडळीतला एक सभासद उभा राहून म्हणाला की हा माणूस आमच्यात बसत होता, तर कब्रस्तानात जागा द्यायची. दाखला, पावती, जात, काही विचारायचं नाही. आजारपणात पाळकांची भेटही त्याच धर्तीवर. त्याच्यापुढे मी आणखी दोन गोष्टी जोडल्या. मंडळीच्या खात्यावर तीन सह्या चालतात, त्यातली एक मजूर घरातल्या बाईची असावी. पैसा सगळ्यांचा आणि सही दोनच घरांची, हे मला बँकेत चालत नाही तर चर्चमध्ये का चालावं? आणि महिन्यातला एक रविवार मराठीत, बायबलचा एक उतारा गोंडीत. पायऱ्यांना उतार करायचा खर्च मी काढून दिला, तो तेवढा त्याच दिवशी मंजूर झाला. सिमेंटला कोणाचा विरोध नसतो.

सहीचा आणि कबरीचा ठराव चार मतांनी पडला. विरोध करणारे वाईट लोक नाहीत. त्यांचं म्हणणं, कब्रस्तान लहान आहे, तीन पिढ्यांच्या वर्गणीतून कुंपण झालं आहे, आणि सगळ्यांना घेतलं की आमच्या म्हाताऱ्यांना जागा उरणार नाही. जागा लहान आहे हे खरंच आहे. इथे मात्र तुमची गरज लागेल. आपल्यातले दोघे-तिघे पंचायतीत आहेत, एकाचं तहसीलमध्ये जाणं-येणं आहे. कब्रस्तानाला लागून गावठाणाची पडीक जमीन आहे, तिच्यासाठी रीतसर अर्ज तयार आहे. त्यावर फक्त ख्रिस्ती सह्या असल्या की तो कुठल्या टेबलावर पडून राहतो ते मी तुम्हांला सांगायला नको. मंडळाच्या लेटरहेडवर शिफारस मिळाली तर निदान तो पुढच्या टेबलावर सरकेल.

आणि एक विनंती, राग मानू नका. आपल्या मंडळाचा सभासदत्वाचा फॉर्म मी दरवर्षी भरतो. त्यात जात आणि पोटजात असा एक रकाना आहे. मी तिथे दरवर्षी रेघ मारतो. एका वर्षी सचिवांनी फोन करून विचारलंही की काही राहिलं का. पुढच्या वेळी फॉर्म छापायला जाईल तेव्हा तो रकाना असावा की नसावा, एवढं कार्यकारिणीने पाहावं. वधू-वर सूचीबद्दल मी बोलत नाही, तेवढं धाडस अजून नाही.

ठराव ईस्टरनंतरच्या वार्षिक सभेत पुन्हा येईल. चार मतांपैकी दोन फिरली आहेत असं मला वाटतं, पण मतांचा हिशेब आधी लावू नये हे मी मंडळाच्या निवडणुकीत शिकलो. अर्जाची प्रत बाहेर टेबलावर ठेवली आहे, पेनही आहे.